नाना शंकरशेट आणि नाशिकची लोखंडी वाट

कसारा स्थानकात गाडी थांबते, मागे जादा इंजिने जोडली जातात आणि गाडी धापा टाकत घाट चढू लागते. नाशिककर प्रवाशाला हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे, की त्यात आश्चर्य करण्यासारखे काही आहे असे त्याला वाटत नाही. मात्र मुंबई ते नाशिक हा प्रवास एकेकाळी दिवसांच्या हिशेबाने मोजला जाई आणि त्याचा पहिला टप्पा बहुधा होडीतून पार पडे. होडी, बैलगाडी आणि तांडा यांची ही वाट लोखंडी रुळांवर आणण्याच्या खटाटोपात जे मोजके एतद्देशीय अगदी प्रारंभापासून होते, त्यांत नाना ऊर्फ जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराणे दैवज्ञ, मूळ आडनाव मुरकुटे. कोकणातून मुंबईत आलेल्या या घराण्याने व्यापारात मोठे नाव कमावले होते. १८२२ मध्ये वडील शंकरशेट निवर्तले आणि ऐन एकोणिसाव्या वर्षी अफाट मालमत्ता व प्रतिष्ठित पेढी यांची जबाबदारी नानांवर येऊन पडली. दुसरा कोणी असता, तर ऐषारामात रमला असता. नानांनी मात्र ही संपत्ती सार्वजनिक कार्याचे भांडवल मानले. त्याच सुमारास गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने मुंबईत शिक्षणाची जी चळवळ सुरू झाली, तिच्याशी ते एकरूप झाले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंडळाचे ते दीर्घकाळ सभासद होते. शिक्षण मातृभाषेतून द्यावे की इंग्रजीतून, या वादात त्यांनी सर अर्स्किन पेरी यांच्यासारख्या बड्या अधिकाऱ्याच्या विरोधात देशी भाषांची बाजू निर्भयपणे मांडली. मुलींच्या शिक्षणाचे नाव काढणेही धाडसाचे होते, त्या काळात त्यांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली.

नवे ते स्वीकारायचे, पण आपल्या माणसांच्या हिताची कसोटी लावून, ही त्यांची वृत्ती होती. रेल्वेकडेही त्यांनी याच दृष्टीने पाहिले.

त्या काळची नाशिकची वाट कशी होती, हे समजल्याशिवाय रेल्वेचे मोल कळत नाही. मुंबई हे बेट होते आणि बेटाबाहेर पडायचे म्हणजे पाण्याशी गाठ होती. पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेल गाठून पुढे बोरघाट चढे. नाशिक, खानदेश आणि आग्र्याकडे जाणाऱ्याला ठाण्याच्या पलीकडे कोलशेत येथे तरीतून खाडी उतरावी लागे. मग भिवंडीवरून शहापूर, कसारा आणि थळ घाट. अवजड मालाची तऱ्हा याहून वेगळी होती. घाटमाथ्यावरून लमाणांच्या बैलांच्या पाठीवर कापूस आणि धान्य खाली येई, ते भिवंडी वा कल्याणच्या बंदरात पडावांत भरले जाई आणि भरती-ओहोटीचा हिशेब पाहून पडाव मुंबईकडे निघत. परतीच्या वाटेवर हेच बैल मीठ घेऊन घाट चढत. या प्रवासात कापूस धुळीने माखे, पावसात सापडला तर कुजे. पावसाळ्यात तर ही सारी वाहतूक जवळजवळ ठप्पच होई. खानदेश-वऱ्हाडचा कापूस चांगला असूनही मुंबईच्या बाजारात त्याचे मोल उतरे, त्याचे एक मोठे कारण ही वाटच होती.

१८४३ मध्ये जॉर्ज क्लार्क या इंग्रज अभियंत्याने मुंबई बेट मुख्य भूमीशी रेल्वेने जोडून ती सह्याद्रीपर्यंत नेण्याची कल्पना मांडली. मुंबईतील व्यापाऱ्यांनी ती उचलून धरली. नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई या दोघांनी १८४५ च्या सुमारास त्यासाठी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. याच हालचाली पुढे लंडनमधील भांडवलदारांच्या योजनेत विलीन झाल्या आणि १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी कायद्याने अस्तित्वात आली. कंपनीच्या मुंबईतील कारभारात जे थोडे हिंदी गृहस्थ होते, त्यांत नाना होते. कंपनीचे पहिले कार्यालय नानांच्या वाड्यात थाटले गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नानांच्या मान्यतेचे वजन या उपक्रमामागे होते, म्हणूनच लोखंडी रस्त्याविषयी साशंक असलेल्या मुंबईकरांचा विश्वास बसण्यास मदत झाली.

१८५० च्या अखेरीस शीवजवळ कामास आरंभ झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन निघाली. एकवीस तोफांची सलामी झाली. तीन इंजिनांनी ओढलेल्या या गाडीने ३४ किलोमीटरचे अंतर तासाभरात कापले आणि ती ठाण्याला पोहोचली. नानाही या गाडीतील निमंत्रितांत होते. त्या दिवसाचे वर्णन आपण नेहमी ऐकतो. मात्र एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ठाण्याला गाडी थांबली, तेथे पुढे खाडी होती. नाशिकच्या दिशेने जाणाऱ्याला लोखंडी रस्ता सोडून पुन्हा तरीतच पाय ठेवावा लागत होता. १८५४ च्या मे महिन्यात ठाण्याच्या खाडीवरील पूल पार करून गाडी कल्याणला गेली, तेव्हा कुठे पाण्याची ही अडचण संपली. पुढल्या वर्षी रूळ वाशिंदपर्यंत पोहोचले आणि मग समोर सह्याद्री उभा राहिला.

येथे नाशिकच्या नशिबाशी निगडित असा एक निर्णय झाला. रेल्वेच्या मूळ आराखड्यात घाटमाथ्यावर चढण्यासाठी माळशेज घाटाचा विचार होता. माळशेजकडे जाणारा मार्ग मुरबाडवरून, म्हणजे नानांच्या जन्मगावावरून जातो. परंतु कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी सह्याद्रीची बारकाईने पाहणी केली आणि माळशेजऐवजी दोन स्वतंत्र मार्ग सुचवले. पुण्याकडे बोरघाट आणि नाशिक-खानदेशाकडे थळ घाट. अखेर तेच मान्य झाले. मुरबाड रेल्वेच्या नकाशावरून बाजूला पडले आणि इगतपुरी, देवळाली, नाशिक, मनमाड ही नावे त्यावर आली. ज्या पुरुषाने रेल्वेसाठी एवढी खटपट केली, त्याच्याच गावाला ती लाभली नाही, हा इतिहासाचा विरोधाभास म्हणावा लागेल.

थळ घाटाचे काम सोपे नव्हते. जेमतेम नऊ मैलांच्या टप्प्यात साडेनऊशे फुटांहून अधिक उंची गाठायची होती. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, काळ्या कातळात खोदलेले बोगदे, दऱ्यांवरील उंच पूल आणि मधोमध गाडीची दिशा उलटवण्यासाठी एक स्थानक, अशी ही रचना होती. काम चाले ते पावसाळा सोडून. हजारो मजूर कोरड्या महिन्यांत घाटात राबत, उघड्या डोंगरावर झोपड्यांत राहत. पटकीच्या साथी आल्या, की त्यांत कित्येक जण दगावत. त्यांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत. स्वतः बर्कले यांची प्रकृतीही या देशात ढासळली. ते इंग्लंडला परतले आणि १८६२ मध्ये, दोन्ही घाट पूर्ण होण्याआधीच, वारले.

दरम्यान घाटमाथ्यावर एक चमत्कारिक स्थिती होती. १८६१ मध्ये खाली कसाऱ्यापर्यंत गाडी आली आणि त्याच वर्षी वर इगतपुरी ते नाशिक व पुढे चाळीसगावपर्यंतही गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र अपुरा होता. म्हणजे नाशिकला रेल्वे आली, पण ती मुंबईला जोडलेली नव्हती. कसाऱ्याला उतरायचे, बैलगाडी किंवा डोलीने घाट चढायचा आणि इगतपुरीला दुसऱ्या गाडीत बसायचे, असा प्रवास सुमारे चार वर्षे चालला. घाटमाथ्यावरच्या मार्गाचे अवजड साहित्यही याच रस्त्याने वर न्यावे लागे. ज्या बैलांची जागा रेल्वे घेणार होती, त्यांच्याच खांद्यावरून ती सह्याद्री चढली.

याच काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश-वऱ्हाडचा माल लवकरात लवकर बंदरात आणण्याची निकड वाढली. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटाचा मार्ग खुला झाला आणि मुंबईहून निघालेली गाडी थेट नाशिकपर्यंत धावू लागली. अवघ्या काही महिन्यांत ते युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १८६५ च्या जुलैत मुंबईतील कित्येक नामांकित पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नानांनी मुंबईत देह ठेवला. बोरीबंदर ते नाशिक हा अखंड लोखंडी रस्ता त्यांच्या हयातीत पुरा सात महिनेच धावला.

नानांच्या या कार्याकडे केवळ कौतुकाने पाहणे अपुरे ठरेल. रेल्वे कंपनीच्या भांडवलावर सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती आणि तूट पडली तर ती हिंदी रयतेच्या करांतून भरून काढली जाई. नफा लंडनला आणि जोखीम रयतेला, अशी ही व्यवस्था होती. नाना त्या व्यवस्थेत सहभागी होते. तथापि, हेच नाना १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे आधारस्तंभ होते, हेही विसरता येत नाही. या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटला धाडलेल्या अर्जात राज्यकारभारातील खर्चिकपणा, दळणवळणाची दुरवस्था आणि हिंदी लोकांना कारभारात नसलेले स्थान यांवर बोट ठेवले होते. १८५७ च्या उठावाच्या वेळी सरकारी संशयाची छाया नानांवरही पडली, पण त्यातून ते निष्कलंक बाहेर आले. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली. सरकारशी सहकार्य करायचे आणि त्याच सरकारला जाबही विचारायचा, ही तारेवरची कसरत त्यांनी जन्मभर केली.

रेल्वेने दिले तसे हिरावूनही घेतले. लमाणांचे तांडे हळूहळू या वाटेवरून नाहीसे झाले. भिवंडीच्या बंदराचे महत्त्व ओसरले. आग्रा रस्त्यावरील चांदवडसारख्या जुन्या पेठांना उतरती कळा लागली आणि कालपर्यंत लहानसे खेडे असलेले मनमाड, १८७८ मध्ये दौंडकडील मार्ग येऊन मिळताच, मोठे जंक्शन झाले. नाशिक शहरालाही रेल्वे दारात मिळाली नाही. स्थानक शहरापासून आठ-नऊ किलोमीटर दूर राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते अंतर कापण्यासाठी घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. मात्र त्याच स्थानकाभोवती नाशिकरोडची वस्ती वाढली, १९२० च्या दशकात तेथे सरकारी मुद्रणालय आले आणि सिंहस्थाच्या यात्रेला लाखो भाविक रेल्वेने उतरू लागले. गोदाकाठचे तीर्थक्षेत्र मुंबईच्या एका दिवसाच्या टप्प्यात आले, ते या मार्गामुळे.

मुंबईत नाना चौक आहे, गिरगावातील रस्त्याला त्यांचे नाव आहे, संस्कृतच्या अभ्यासकांना त्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीचे मोल ठाऊक आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुंबई सेंट्रल स्थानकाला नानांचे नाव देण्याचा निर्णय घेतला. हा सन्मान उचितच आहे, मात्र ते स्थानक १९३० चे आणि दुसऱ्याच रेल्वे कंपनीने बांधलेले. नानांच्या रेल्वेची खरी वाट बोरीबंदरहून ठाण्याची खाडी ओलांडून कसाऱ्याला येते आणि घाट चढून नाशिकला पोहोचते. त्या वाटेवरून रोज जा-ये करणाऱ्या नाशिककरांनी घाटातला पहिला बोगदा आला, की मुरबाडच्या या थोर पुरुषाची आणि त्या डोंगरात राबलेल्या अनाम मजुरांची क्षणभर आठवण केली, तरी पुरे आहे.