पाद्री स्टीफन हिस्लॉप आणि आपला काळा पाषाण

सेनगांव तालुक्यांत उन्हाळ्याच्या दिवसांत कोणत्याहि गाडीवाटेनें गेलें असतां नव्या विहिरींच्या तोंडाशीं दगडांचे ढीग पडलेले दिसतात. वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटीं घणासहि दाद न देणारा काळा पाषाण, हा क्रम विहीर खणणाऱ्या मजुरास तोंडपाठ असतो. मधूनच एखादा विटकरी रंगाच्या मातीचा थर लागतो. पाणी किती हातांवर लागेल एवढेंच मालक विचारतो, आणि ढीग पुढें रस्त्याच्या खडीसाठीं जातो. मालकाचा प्रश्न वावगा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पाण्यावांचून शेत नाहीं व शेतावांचून पेठ नाहीं. परंतु या पाषाणास दुसराहि एक प्रश्न विचारतां येतो, आणि तो विचारणारे एक गृहस्थ आपल्याच मराठी मुलुखांत पावणेदोनशें वर्षांपूर्वीं राहून गेले. त्यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आज आम्हीं योजिलें आहे.

त्यांचें नांव स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या कॉलेजामुळें हें नांव पुष्कळांच्या कानांवरून गेलेलें असतें. पण तो मनुष्य कोण, असें विचारल्यास फार तर एक पाद्री, इतकेंच उत्तर मिळतें. आणि पाद्री म्हटलें कीं आमच्या समाजांतील एक मोठा वर्ग पुढचें ऐकूनच घेत नाहीं. हिस्लॉप धर्मप्रसारासाठींच आले होते, ही गोष्ट लपविण्याचें कारण नाहीं. त्या कार्याविषयीं ज्याचें जें मत असेल तें त्यानें खुशाल ठेवावें. परंतु दुकानांतला तराजू खरा असला म्हणजे शहाणें गिऱ्हाईक दुकानदाराची जात विचारीत नाहीं. तोच न्याय ज्ञानाच्या व्यवहारांत कां नसावा, हें आम्हांस समजत नाहीं.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजीं स्कॉटलंडांतील डन्स या लहानशा गांवीं झाला. एडिंबरो व ग्लासगो येथें त्यांचें शिक्षण झालें. १८४३ सालीं तेथील धर्मसंस्थेंत फूट पडून फ्री चर्च निराळें झालें, आणि त्या नव्या संस्थेनें या तरुणास हिंदुस्थानांत धाडिलें. १८४४ च्या डिसेंबरांत ते मुंबईस उतरले व पुढील फेब्रुवारींत नागपुरास पोंचले. त्या वेळीं नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. पुढें १८५३ सालीं महाराज निवर्तले आणि १८५४ सालीं डलहौसीनें तें राज्य खालसा केलें, तो सर्व प्रकार हिस्लॉप यांच्या डोळ्यांदेखत घडला. त्यांनीं येथील भाषा शिकून घेतली, शाळा चालविली. १८४७ मध्यें रॉबर्ट हंटर नांवाचे दुसरे पाद्री त्यांच्या सोबतीस आले. हे दोघे फिरतीवर निघत तेव्हां पोथीबरोबर हातोडीहि घेत, आणि आम्हांस आज त्या हातोडीशींच कर्तव्य आहे.

१८५१ सालीं नागपुराच्या पश्चिमेस टाकळी येथें त्यांस काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्यें चेपलेला एक पातळ थर आढळला, आणि त्यांत बारीक शंख दिसले. शंख म्हटले म्हणजे समुद्र, अशी सामान्य समजूत असते. पण हे शंख समुद्रांतले नव्हते. तळ्याडबक्यांच्या गोड्या पाण्यांत राहणाऱ्या गोगलगाईंचे होते. दोघांनीं तो थर चिकाटीनें फोडून पाहिला. त्यांतून दगड झालेलीं फळें निघालीं, बिया निघाल्या, लांकडाचे तुकडे निघाले, भुंगेऱ्यांचे कठीण पंखसुद्धां निघाले. असे शंख पूर्वीं कोणीं पाहिलेच नव्हते असें नाहीं. डॉक्टर व्हॉयसी यांस ते गाविलगडच्या डोंगरांत, आणि डॉक्टर माल्कमसन यांस निर्मळच्या डोंगरांत, म्हणजे आपल्या पैनगंगेच्या दक्षिणेकडील रांगांत, मिळाले होते. परंतु एकाच जागीं इतका भरणा, आणि तो इतक्या नेटानें वेंचून, निवडून, नांवनिशीवार लावलेला, असें काम त्या वेळपर्यंत या पाषाणावर झालें नव्हतें.

या शंखांचा अर्थ काय, तो आतां पुरता उलगडला आहे. आपल्या पायांखालचा काळा पाषाण म्हणजे जमिनीस पडलेल्या भेगांतून वर आलेला व पसरून थिजलेला रस होय. हा रस एकदम आला नाहीं. तो लाटेमागून लाट असा आला. एक लाट थिजली, तिच्यावर पाऊसपाणी होऊन माती झाली, झाडें उगवलीं, खळग्यांत तळीं सांचलीं, तळ्यांत गोगलगाई नांदूं लागल्या. आणि मग पुढची लाट येऊन तें सर्व गाडलें गेलें. विहिरींत लागणारा विटकरी थर पुष्कळ ठिकाणीं अशीच जुनी, झिजलेली व वरच्या रसानें भाजलेली जमीन असते. म्हणजे ज्यास मजूर लाल माती म्हणून बाजूस सारतो, तें एका काळीं उघडें रान होतें. पाषाणांतील किरणोत्सर्गी द्रव्यांच्या मोजणीवरून या लाटांचा काळ सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींचा ठरला आहे. तो पसारा आजमितीस सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर भूमीवर शिल्लक असून सह्याद्रीच्या बाजूस त्याची जाडी कोसाच्या हिशेबानें मोजावी इतकी आहे. पृथ्वीवरील डायनोसोर नांवाचे प्रचंड सरपटणारे प्राणी नाहींसे झाले तेहि याच सुमारास. वरोऱ्याजवळ पिसदुरा येथें अशा प्राण्यांचे अवशेष सांपडतात, आणि तेथील मोठ्या हाडांची पहिली नोंद हिस्लॉप यांचीच आहे.

येथें एक विषयांतर करणें आम्हांस भाग आहे. वयाचे हे आंकडे निघाले कीं आपल्याकडील कांहीं विद्वान लगेच कल्पांचें व मन्वंतरांचें गणित पुढें करितात आणि आमच्या पूर्वजांस हें सर्व ठाऊक होतें असें सांगून मोकळे होतात. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, आणि आजच्या शास्त्राप्रमाणें पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटी वर्षें. आंकडे जवळजवळ आले, म्हणून टाळ्या पडतात. आपल्या पूर्वजांस मोठ्या काळाची भीति वाटली नाहीं, हें त्यांचें मोठेपण आम्हांस मान्य आहे. विलायतेंत एके काळीं एका आर्चबिशपानें जगाचा आरंभ ख्रिस्तापूर्वीं ४००४ या वर्षीं ठरविला होता व तो पुष्कळांनीं खरा मानिला होता, ही तुलना मनांत आणली म्हणजे आपली कल्पनाशक्ति किती ऐसपैस होती तें दिसतें. परंतु व्यापाऱ्याच्या वहींत पावतीवांचून लिहिलेली रक्कम खरी निघाली तरी ती हिशेब होत नाहीं. हिस्लॉप ज्या धर्मांत वाढले त्यांतील रूढ कालगणना या दगडांच्या सोयीची नव्हती. तरी त्यांनीं हातोडी खालीं ठेविली नाहीं.

टाकळीच्या पलीकडेहि ते गेले. कामठी व सिलेवाडा येथील वाळूच्या खडकांत त्यांस पानांचे ठसे मिळाले. त्यांत जिभेच्या आकाराच्या एका पानास शास्त्रज्ञ ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. हीं झाडें काळ्या पाषाणाच्याहि फार पूर्वीं, सुमारें २५ ते ३० कोटी वर्षांमागें, येथें वाढत होतीं. तेंच पान पुढें आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण ध्रुवाकडील बर्फाळ खंडांतहि सांपडलें, आणि हे सर्व भूभाग एके काळीं एकत्र जोडलेले होते या सिद्धांतास तें पान एक मुख्य साक्षीदार झालें. त्या अखंड भूमीस गोंडवनाचें नांव मिळालें, तें आपल्या शेजारच्या गोंडांच्या मुलुखावरून. वरोरा-बल्लारपूरचा दगडी कोळसा ज्या खडकांत आहे ते खडक याच कुळांतले. नागपुराच्या दक्षिणेस मांगली येथून बेडकांच्या दूरच्या नात्यांतील एका जुन्या प्राण्याची कवटी मिळाली. तिचें वर्णन लंडनचे प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ ओवेन यांनीं १८५५ सालीं केलें. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या भूगर्भावरील मोठा निबंध त्याच सुमारास लंडनच्या भूगर्भमंडळाच्या त्रैमासिकांत आला. हंटर यांची प्रकृति ढासळून ते १८५५ मध्यें मायदेशीं परतले. हिस्लॉप कामास लागलेलेच राहिले.

त्यांचें सर्वच म्हणणें टिकलें असें मात्र नाहीं. टाकळीचा थर त्यांनीं खऱ्या वयाहून लहान समजला, म्हणजे डायनोसोरांच्या युगानंतरचा मानिला. पुढील पिढ्यांनीं ती चूक दुरुस्त केली. आम्हांस यांत त्यांचा कमीपणा दिसत नाहीं. त्यांनीं नमुने जपून ठेविले, जागा नोंदविल्या, म्हणूनच ती चूक पकडतां आली. ज्यांची चूक कधींच पकडतां येत नाहीं असे पंडित आपल्याकडे कमी नाहींत.

हे नमुने लंडनास गेले याबद्दल कोणी हळहळतात. हळहळ रास्त आहे. पण त्या वेळीं नागपुरांत ते ठेवून घेणारें कपाट कोणाचें होतें? आणि आज तरी तालुक्याच्या गांवीं किती शाळांत असें कपाट आहे? सेनगांवच्या पेठेंत देवळाच्या जीर्णोद्धारास किंवा सप्ताहाच्या पंगतीस वर्गणी सहज जमते, आणि ती जमूं नये असें आम्ही सुचवीत नाहीं. त्याच वर्गणीचा शंभरावा हिस्सा शाळेच्या एका कपाटास, एका भिंगास व एका हातोडीस पुरेल. आपल्या पाषाणांत जागोजाग अवशेष सांपडतील, अशी खोटी आशा आम्ही दाखवीत नाहीं. थिजलेल्या रसांत जीव राहत नाहीं, आणि मुलें शंभर विहिरी फिरलीं तरी एखादे वेळीं रिकाम्या हातीं परततील. शोध करावयाचा तो दोन लाटांमधल्या पातळ थराचा, गारेसारख्या चकचकीत दगडाचा वा चिकणमातीचा. आणि नद्यांकांठच्या जुन्या गाळाचा, कारण गोदावरीच्या अशाच गाळांत पैठणच्या बाजूस प्राचीन हत्तींचे अवशेष निघाले आहेत. विहीर कोणत्या शिवारांत, थर किती हातांवर, जाडी किती, एवढें मुलांनीं वहींत लिहिलें तरी तें काम फुकट जाणार नाहीं. तोच कागद पाण्याचा अंदाज बांधण्यासहि उपयोगी पडतो, हें विहिरीच्या मालकांनीं लक्षांत घ्यावें.

हिस्लॉप यांचा शेवट नागपुरापासून फार दूर झाला नाहीं. नागपुराच्या दक्षिणेस टाकळघाट येथें प्राचीन लोकांनीं रचलेलीं दगडांचीं वर्तुळें आहेत. तीं पाहण्यासाठीं ४ सप्टेंबर १८६३ रोजीं ते मध्यप्रांताचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांजबरोबर गेले होते. परततांना एका खेड्यांतील शाळा पाहण्यास ते मागें थांबले आणि अंधार पडल्यावर एकटेच घोड्यावरून निघाले. पावसाळ्याचे दिवस, वाटेंतला ओढा फुगला होता. घोडा परत आला, स्वार आला नाहीं. त्यांच्या वयास ४६ वर्षें पुरीं होण्यास चार दिवस उरले होते.

गोंड लोकांचीं गाणीं, शब्द व चालीरीति यांविषयीं त्यांनीं जमविलेले कागद टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून काढले. नागपूरचें कॉलेज १८८३ सालचें. त्यांच्या हयातींतच, १८५९ सालीं, नागपूरकडील एका हिरवट खनिजास हिस्लॉपाइट हें नांव देण्यांत आलें होतें. टाकळी आतां नागपूर शहरांत सामावली आहे.