परदेशी शिक्षणाचे ऋण : डॉ. जेम्स मॅक्यून स्मिथ

वसतिगृहाच्या अन्नावर शिकलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न आयुष्यभर सोबत करतो. आपल्या शिक्षणाचा खर्च नेमका कोणी केला, आणि त्याची परतफेड कशी करावयाची? या स्मरणिकेसाठी लेखणी हाती घेताना आम्हांला या प्रश्नाचे उत्तर एका दूरदेशीच्या चरित्रात सापडले. वैद्यकशास्त्राची पदवी मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन डॉ. जेम्स मॅक्यून स्मिथ यांचे ते चरित्र होय.

त्यांचा जन्म 1813 साली न्यूयॉर्क शहरात झाला. आई गुलाम होती, म्हणून मुलगाही जन्मतःच गुलाम ठरला. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने 4 जुलै 1827 रोजी गुलामगिरी संपली, तेव्हा जेम्स चौदा वर्षांचे होते. कृष्णवर्णीय मुलांसाठी चालविलेल्या आफ्रिकन फ्री स्कूलमध्ये त्यांची बुद्धिमत्ता चमकली. त्यांना डॉक्टर व्हावयाचे होते. परंतु न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजने आणि जिनिव्हा येथील वैद्यकीय महाविद्यालयाने केवळ वर्णामुळे त्यांना प्रवेश नाकारला. कायद्याने बेडी तोडली होती. विद्येचे दार मात्र बंदच होते.

मायदेशात दार बंद झाले, तेव्हा परदेशाचा मार्ग उरला. पण त्या मार्गाला पैसा लागतो. समुद्रप्रवासाचे भाडे, विद्यापीठाचे शुल्क, परक्या शहरातील राहणे-जेवणे, आणि हे सारे एका वर्षाचे नव्हे, तर पाच वर्षांचे! गुलाम आईचा मुलगा हा खर्च कोठून करणार? सरकारची शिष्यवृत्ती नव्हती, घरी इस्टेट नव्हती. अशा वेळी त्यांचे मार्गदर्शक, कृष्णवर्णीय धर्मोपदेशक पीटर विल्यम्स पुढे झाले. स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात जाण्याचा सल्ला त्यांनीच दिला. त्यांनी आणि शाळेच्या गुलामगिरीविरोधी हितचिंतकांनी मिळून प्रवासाची व शिक्षणाची तजवीज केली. एका विद्यार्थ्यामागे एक समाज उभा राहिला, तेव्हा 1832 साली जेम्स यांचे जहाज लिव्हरपूलकडे निघाले.

ग्लासगो नगरीचा इतिहास विलक्षण आहे. तेथील व्यापाऱ्यांची संपत्ती तंबाखू आणि साखरेच्या व्यापारातून, म्हणजे पर्यायाने गुलामांच्या घामातून आलेली होती. आणि त्याच नगरीत गुलामगिरीविरोधी चळवळही जोरात होती. तरुण जेम्स त्या चळवळीत सामील झाले. अभ्यासातही त्यांनी कसूर केली नाही. 1835 मध्ये बी. ए., 1836 मध्ये एम. ए. आणि 1837 मध्ये एम. डी. अशा तीन पदव्या त्यांनी मिळविल्या. गरीब स्त्रियांच्या रुग्णालयात काम करीत असताना रुग्णांवर होणाऱ्या अपायकारक औषधप्रयोगाविरुद्ध त्यांनी वैद्यकीय नियतकालिकात लेखन केले. परतीच्या वेळी मात्र एका अमेरिकन जहाजाच्या कप्तानाने त्यांना प्रवासी म्हणून घेण्यास नकार दिला. हाती एम. डी.ची पदवी होती. तरीही वर्ण आडवा आलाच.

त्यांना युरोपात राहता आले असते. तेथे मान होता, व्यवसायाची संधी होती. परंतु ते 1837 मध्येच न्यूयॉर्कला परतले. ज्यांनी पाठविले, त्या समाजाने त्यांचे जाहीर स्वागत केले. त्यांनी दवाखाना आणि औषधांचे दुकान थाटले. काळ्या-गोऱ्या दोन्ही रुग्णांवर उपचार केले. 1840 च्या अमेरिकन जनगणनेचा आधार घेऊन गुलामगिरीचे समर्थक सांगू लागले की, स्वातंत्र्य मिळाले की कृष्णवर्णीय वेडे होतात. डॉ. स्मिथ यांनी आकडे तपासले. ज्या गावांत एकही कृष्णवर्णीय माणूस राहत नव्हता, तेथेही वेडे कृष्णवर्णीय नोंदविलेले होते, हे त्यांनी दाखवून दिले. समाजाने दिलेली विद्या समाजाच्या बचावासाठी अशी कामी आली.

आम्हां निवासी शाळेतील शिक्षकांना त्यांच्या जीवनातील एक कार्य विशेष जवळचे वाटते. 1846 पासून जवळपास वीस वर्षे ते न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय अनाथाश्रमाचे डॉक्टर होते. देवी, गोवर, क्षय यांनी मुले दगावत, त्या काळात त्यांनी शेकडो अनाथ लेकरांची काळजी वाहिली. 13 जुलै 1863 रोजी दंगलखोर जमावाने तो आश्रम जाळला. सेवकांनी आतील 233 मुलांना सुखरूप बाहेर काढले. यानंतर डॉ. स्मिथ ब्रुकलिनला राहावयास गेले आणि तेथेच 17 नोव्हेंबर 1865 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या 19 दिवसांनी साऱ्या अमेरिकेतील गुलामगिरी संपविणारी घटनादुरुस्ती संमत झाली. अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेने त्यांना हयातीत कधीही सदस्यत्व दिले नाही.

हे चरित्र आपल्याला परके नाही. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांच्या सन्मानार्थ महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांना अर्पण केला. ज्या कोलंबियाने डॉ. स्मिथ यांना नाकारले, त्याच कोलंबियात 1913 साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब दाखल झाले. पुढे लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी त्यांनाही स्वतःची बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडील कर्ज यांची जुळवाजुळव करावी लागली.

आज आपली मुलेही वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी जात आहेत. कोणाच्या बापाने शेत गहाण टाकले आहे, कोणाच्या आईने दागिने मोडले आहेत, कोणी बँकेचे कर्ज काढले आहे. बँकेचे कर्ज हप्त्यांनी फिटते. उरलेले ऋण कसे फेडावे, हे डॉ. स्मिथ यांनी त्या अनाथाश्रमात वीस वर्षे दाखविले. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर झाले आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस तरी या वसतिगृहातील मुलांची तपासणी करण्यास यावे, एवढीच आमची नम्र अपेक्षा आहे.