पदक मिळाले, पंगत मिळाली नाही



थोर माणसांची चरित्रे म्हणून आपण मुलांना बहुधा पुढारी, सुधारक आणि मिशनरी यांच्याच गोष्टी सांगतो. या वेळी आम्ही एका तमासगिरिणीचे चरित्र सांगणार आहोत. काहींच्या भुवया उंचावतील, हे आम्ही जाणतो. तरी शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म १९३५ साली पंढरपूर येथे झाला. त्यांचे आजोबा नारायण खुडे यांनी तमाशाचा फड उभा केला होता आणि वडील भाऊ व चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला. घराण्याचे आडनाव खुडे. पण लोक ओळखीत भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने. जात अशी नावालाच जोडलेली होती. महार, मांग, कोल्हाटी अशा जातींच्या कलावंतांनी तमाशा जगवला. रात्री सारा गाव त्यांच्यापुढे बसे आणि दिवस उजाडला की तोच गाव त्यांना वेशीबाहेरचे मानी. आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे खडी गंमत पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना ही रीत नवी वाटणार नाही.

विठाबाई लहानपणापासून फडात वाढल्या. लावणी, गवळण, वग, सगळ्यांत त्या निपुण झाल्या. त्यांची एक हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा त्या मागे गेल्या, तेथेच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला निघाल्या. प्रेक्षकांनीच हात जोडून त्यांना विश्रांती घ्यायला लावली. ऐकणारे या गोष्टीचे कौतुक करतात. आम्हाला मात्र वाटते की, बाळंतिणीला बोर्डावर उभे राहावे लागावे अशी पाळी तिच्यावर का आली, हेही विचारले पाहिजे.

१९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी त्यांनी सीमेवरील जवानांपुढे कार्यक्रम केले. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला.

त्याच काळात मराठी सिनेमाने तमाशाच्या कथांवर मोठे यश मिळवले. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. १९७२ च्या ‘पिंजरा’ला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंतु पडद्यावरची तमासगिरीण बहुधा सिनेमातील नट्याच रंगवीत. त्या नट्या गुणी होत्या, यात शंका नाही. तरी जिच्या आयुष्याची कथा, ती स्वतः मात्र कनातीतच राहिली.

हे आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिकेत हॅटी मॅकडॅनियल नावाची कृष्णवर्णीय नटी होऊन गेली. तिचे वडील गुलामगिरीत जन्मलेले, पुढे बाप्टिस्ट उपदेशक झालेले. ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटातील दाईच्या भूमिकेसाठी तिला १९४० साली ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. पण समारंभ ज्या हॉटेलात होता तेथे काळ्या लोकांना प्रवेश नव्हता. निर्मात्याला तिच्यासाठी खास परवानगी मागावी लागली, आणि सोबतच्या कलाकारांपासून दूर, भिंतीकडेच्या मेजावर तिला बसवण्यात आले. १९५२ साली ती वारली, तेव्हा तिच्या आवडीच्या कबरस्थानातही तिला जागा नाकारली गेली. त्यानंतर कृष्णवर्णीय नटीला दुसरे ऑस्कर मिळायला १९९१ साल उजाडले. पुढे २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे अभिनयाच्या वीसही नामांकनांत सगळे गोरेच होते.

विठाबाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या, तेव्हा रुग्णालयाचे बिल भागवायलाही देणगीदारांची मदत घ्यावी लागली. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात हॅली बेरी ही मुख्य भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय नटी ठरली. आणि २००६ साली महाराष्ट्र शासनाने विठाबाईंच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ज्यांना औषधाला पैसे मिळाले नाहीत, त्यांच्या नावाने आज दुसऱ्यांचा सन्मान होतो.

सन्मान देणे सोपे असते. पदक एका रात्रीत देता येते. पंगतीला शेजारी बसवायचे म्हटले की मन आखडते. याकोबाने आपल्या पत्रात, सभेत आलेल्या श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांना दोष दिला आहे. तो दोष थिएटरवाल्यांपुरता नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमचे एक सांगणे आहे. नाताळची नाटिका बसवताना मरिया आणि देवदूत यांसाठी गोरी मुले निवडली जातात, आणि सावळ्या मुलाच्या वाट्याला मेंढपाळ किंवा हेरोदाचा शिपाई येतो, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. ज्या मुलीचा आवाज चांगला, जिला पाठांतर येते, तिला मरिया होऊ द्यावे; मग तिचा रंग कोणताही असो आणि ती कोणत्याही वस्तीतून येत असो. मुले हा निवाडा मुकाट्याने पाहत असतात आणि जन्मभर लक्षात ठेवतात.