जमशेटजी टाटा : देणगीच्या पावतीपलीकडचे दान

टाटानगर स्टेशनवर आपल्यापैकी बरेचजण नोकरीच्या निमित्ताने एक ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरले आणि इथलेच होऊन गेले. या स्टेशनाचे मूळ नाव कालीमाटी. बंगाल-नागपूर रेल्वेवरचे ते एक लहानसे स्टेशन होते. पहिल्या महायुद्धात इथल्या कारखान्याचे रूळ मेसोपोटेमियापर्यंत गेले. त्याची जाण ठेवून जानेवारी १९१९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड इथे आले, तेव्हा साकचीचे जमशेदपूर झाले आणि कालीमाटीचे टाटानगर. मात्र ज्यांचे नाव शहराला आणि स्टेशनला मिळाले त्या जमशेटजींनी हा गाव कधी पाहिलाच नाही. ते गेले तेव्हा कारखान्याची जागासुद्धा ठरलेली नव्हती.

हल्ली कंपन्यांच्या समाजकार्याचे बरेच ऐकू येते. कुठे शाळेला बाके, कुठे दवाखान्याला गाडी, कुठे कर्मचाऱ्यांचे वृक्षारोपण. या साऱ्याचा आपल्या देशातला मूळपुरुष शोधू गेल्यास बोट जमशेटजींकडेच जाते. म्हणून त्यांचे चरित्र आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे. वडील नसरवानजी यांनी मात्र घरची वाट सोडून मुंबईत व्यापार सुरू केला. मुलाला त्यांनी मुंबईस आणून एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. १८५८ साली शिक्षण संपवून जमशेटजी वडिलांच्या पेढीत आले आणि पुढच्याच वर्षी शाखा उघडण्यासाठी हाँगकाँगला गेले.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि भाव कोसळले. तेव्हा जमशेटजी लंडनमध्ये होते आणि हाती कवडीमोल झालेली कागदपत्रे होती. पंचविशीतल्या या तरुणाने देणेकऱ्यांना तोंड चुकवले नाही. खरी स्थिती त्यांच्यापुढे मांडली. त्या प्रामाणिकपणाचा असा परिणाम झाला की देणी मिटवण्याचे काम देणेकऱ्यांनी त्यांच्याकडेच सोपवले. १८६८ साली २१,००० रुपये भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढे मुंबईत चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली व नफ्यात विकली. मग लँकेशायरला जाऊन हा धंदा मुळापासून पाहून आले.

कापडगिरणी म्हणजे मुंबई, असे समीकरण असताना त्यांनी नागपूर निवडले. वऱ्हाड-नागपूरचा कापूस दारात, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि १८६७ पासून मुंबईशी जोडणारी रेल्वे. जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. भराव टाकून ती उभी केली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

या गिरणीचा व्यवस्थापक नेमताना त्यांनी जे केले ते आम्हा रेल्वेवाल्यांना विशेष आवडण्यासारखे आहे. बेझनजी मेहता हे जी. आय. पी. रेल्वेच्या मालविभागातले गृहस्थ. त्यांना सुताचा अनुभव नव्हता, पण माणसे आणि माल वेळेवर हलवण्याची सवय होती. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या जाणकाराकडे दिली आणि कारभार बेझनजींकडे. ही जोडी जमली.

त्या काळी गिरणी म्हणजे उष्मा, कोंदट हवा आणि उडणारा कापूस. नागपूरच्या उन्हाळ्यात तर विचारायला नको. सुरुवातीला कामगारांची गैरहजेरी फार असे. दुसऱ्या कोणी दंड लावला असता. जमशेटजींनी हवा खेळती राहील, योग्य ओलावा राहील अशी यंत्रणा बसवली, आगीसाठी पाण्याचे फवारे बसवले, आणि नियमित येणाऱ्यांना बक्षिसे सुरू केली. १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला. १८९५ पासून अपघातात सापडलेल्यांना भरपाई देऊ लागले. कामगाराला भरपाई देण्याचा कायदा आपल्याकडे १९२३ साली आला, म्हणजे २८ वर्षांनी. गिरणीला त्यातून तोटाही झाला नाही, उलट ती भरभराटीला आली. ती गिरणी आता राहिलेली नाही, पण नागपूरकरांच्या बोलण्यात तिचे नाव अजून आहे.

जमशेटजींच्या देण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. अन्नछत्र घालणे, धर्मशाळा बांधणे ही आपल्याकडची जुनी पुण्यकर्मे. त्यांना ती नापसंत होती असे नाही, पण त्यांचा भर दुसरीकडे होता. घेणारा पुढे स्वतः देणारा व्हावा अशी त्यांची रचना असे. १८९२ मध्ये त्यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापला. त्यातून विद्यार्थ्यांना कर्ज मिळे. शिकून कमावते झाल्यावर त्यांनी ते फेडायचे, म्हणजे तोच पैसा पुढच्या विद्यार्थ्याला. सुरुवातीच्या लाभार्थींत दोन स्त्री डॉक्टर होत्या : फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापुरात रुग्णसेवा केली. ज्या काळात मुलीला शाळेत घालणे हीच मोठी गोष्ट होती त्या काळातले हे पाऊल आहे.

यानंतरचे दान आणखी मोठे. देशात विज्ञान-संशोधनाची उच्च संस्था निघावी म्हणून १८९८ मध्ये त्यांनी मुंबईतील आपल्या १४ इमारती आणि ४ जमिनी देऊ केल्या. त्यांची किंमत तेव्हा ३० लाख रुपये होती आणि ती त्यांच्या संपत्तीचा जवळजवळ अर्धा भाग होती. बर्जोरजी पादशहा यांना त्यांनी देशोदेशीची विद्यापीठे पाहायला पाठवले. लॉर्ड कर्झन यांना या योजनेविषयी शंका होती आणि सरकारी कागद वर्षानुवर्षे फिरत राहिले. अखेर १९०९ मध्ये मंजुरी मिळाली, म्हैसूर संस्थानाने जमीन दिली आणि १९११ मध्ये बंगलोरला वर्ग सुरू झाले. दान करून सुटका करून घेणाऱ्यातले जमशेटजी नव्हते. इमारती देऊन झाल्यावरही ते त्या कामामागे लागलेलेच होते.

पोलादाचे वेड तर त्यांना १८८२ पासून. त्या वर्षी चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या खनिजाविषयीचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. तेव्हाच्या सरकारी अटी जाचक असल्याने गाडे अडले. नियम सैल झाल्यावर साठी उलटलेले जमशेटजी अमेरिकेत गेले आणि भट्ट्या पाहून, तज्ज्ञ गाठून आले. १९०२ मध्ये त्यांनी मुलाला, दोराबजींना, पत्रातून होणाऱ्या गावाविषयी सूचना दिल्या. रस्ते रुंद असावेत, लवकर वाढणारी सावलीची झाडे लावावीत, बागा आणि हिरवळीला जागा सोडावी, फुटबॉल-हॉकीची मैदाने असावीत, मंदिर, मशीद, चर्च यांसाठी जागा राखावी, असा त्यांचा आशय होता. भट्टीचा नकाशा तयार नसताना हा माणूस कामगाराच्या घरासमोरच्या झाडाचा विचार करीत होता.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमध्ये ब्रुकवुड येथे त्यांना चिरविश्रांती मिळाली.

पुढचे काम दोराबजी आणि सहकाऱ्यांनी केले. भूगर्भशास्त्रज्ञ प्र. ना. बोस यांच्या पत्रावरून मयूरभंजचे खनिज कळले. १९०७ मध्ये सुवर्णरेखा आणि खरकई यांच्या संगमाजवळची साकची नक्की झाली. त्याच वर्षी भांडवल उभारले ते सुमारे ८,००० भारतीयांच्या पैशातून. रेल्वे बोर्डाने वर्षाला २०,००० टन रूळ घेण्याची हमी दिली. टाटांनी खरोखर रूळ बनवले तर ते आपण खाऊन दाखवू, अशी थट्टा रेल्वेचे एक बडे साहेब सर फ्रेडरिक अपकॉट यांनी केल्याचे सांगतात. फेब्रुवारी १९१२ मध्ये पोलाद बाहेर पडले. साहेबांवर ती पाळी आली नाही, एवढेच.

त्यानंतर इथे एकेक सोय झाली : १९१२ मध्ये ८ तासांचा दिवस, १९१५ मध्ये मोफत औषधोपचार, १९१७ मध्ये मुलांचे शिक्षण, १९२० मध्ये पगारी रजा आणि भविष्यनिर्वाह निधी, १९२८ मध्ये बाळंतपणाची मदत. देशात कायद्याने या गोष्टी येण्यास अजून बराच अवकाश होता.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे लिहिली पाहिजे. हे सारे केवळ मालकाच्या उदारपणाने झाले असे नाही. १९२० आणि १९२८ साली इथे मोठे संप झाले. कामगारांची संघटना उभी राहिली आणि तिने पुष्कळ गोष्टी मागून, भांडून घेतल्या. शिवाय हे शहर ज्या जमिनीवर आहे ती संथाळ, हो, भूमिज लोकांच्या गावांची होती. आखीव रस्ते, नळ, दिवे कंपनीच्या हद्दीत आले आणि हद्दीपलीकडच्या वस्त्या बराच काळ अंधारात राहिल्या. आसपासच्या खेड्यांसाठी कंपनीने वेगळी ग्रामविकास संस्था काढली ती १९७९ मध्ये. थोरांच्या चरित्रात अशा गोष्टी गाळल्या की पुढच्यांना काय करायचे राहिले आहे ते दिसत नाही.

आणि पैसा आहे तेथेही माणूस लागतोच. १९१८-१९ च्या सुमारास कामगारांच्या मुलांची व्यवस्था लावण्यासाठी अमृतलाल ठक्कर म्हणजे ठक्करबाप्पा इथे आले. पुण्याला शिकलेले हे इंजिनिअर. युगांडा रेल्वेवर काम केलेले. चांगली नोकरी सोडून ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले होते. निधी कंपनीचा होता, पण वस्तीवस्तीत फिरण्याला ठक्करबाप्पांसारखाच माणूस हवा होता.

रूळमार्गाचे काम करणाऱ्याला हे लवकर पटते. नवीन लाइन टाकण्याचा पैसा एकदा मंजूर होतो, उद्घाटन होते, फोटो निघतात. गाडी मात्र सुरक्षित चालते ती ट्रॅकमन रोज चालत जाऊन चाव्या ठोकतो, खडी सावरतो म्हणून. देणगी म्हणजे बांधकाम आणि स्वयंसेवा म्हणजे देखभाल. एकीशिवाय दुसरी लंगडी आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्याने आणि २०१४ पासून लागू झालेल्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे आवश्यक झाले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण या हिशेबात केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च धरता येत नाही, म्हणजे जमशेटजींचा १८८६ चा निधी त्यात बसला नसता. तसेच कर्मचाऱ्यांनी दिलेला वेळ रुपयांत मांडून खर्चात दाखवता येत नाही. त्यामागे कारण आहे, नाहीतर कागदोपत्री तासांचाच धंदा झाला असता. मात्र त्याचा अर्थ असा की आपल्या कामगाराशी नीट वागणे आणि शेजारच्या वस्तीला आपला वेळ देणे, या दोन्ही गोष्टी कायद्याच्या धाकाने होणार नाहीत. त्या आपल्या मनानेच कराव्या लागतील.

आपण मंडळी काही गिरण्यांचे मालक नाही. पण आपले मंडळ तरी कशावर चालते? वर्गणीच्या पावत्या पुष्कळ फाटतात. मांडवाचा खांब धरायला, प्रसादाची पातेली घासायला, पहाटे हार गुंफायला येणारे तेच ते दहा-बाराजण असतात. माझी सर्व सभासदांना, विशेषतः रेल्वे आणि कारखान्यातील तरुण मंडळींना, विनंती आहे की यंदा वर्गणीबरोबर दोन तासही द्यावेत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णरेखेच्या घाटावर निर्माल्य आणि सांगाडे उचलायला माणसे हवी आहेत. हातमोजे आणि पोती मंडळाकडून मिळतील. नावे कार्यालयात द्यावीत.

श्रीगजानन सर्वांना सद्बुद्धी आणि उत्तम आरोग्य देवो, हीच प्रार्थना. गणपती बाप्पा मोरया!