दुसरी फळी आधी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा एक जमाना असा होता की हजारो माणसे तिकीट काढून अकरा नावाजलेल्या गड्यांना बघायला यायची, आणि सामना सुरू व्हायचा तेव्हा ते अकराही जण बाकावर बसलेले असायचे! मैदानात उतरायची ती दुसरी फळी. प्रतिपक्षाच्या पहिल्या ताज्या धडका ही मुले अंगावर घ्यायची, समोरच्यांना दमवायची. मग कधीतरी प्रशिक्षकाचा इशारा व्हायचा आणि नावाजलेले गडी ताज्या दमाने आत यायचे. तेव्हा पुढचे काम बरेच सोपे झालेले असे. या दुसऱ्या फळीला धडक पथक म्हणत. हे तंत्र ज्याने गाजवले, तो नोटर डेम विद्यापीठाचा प्रशिक्षक नूट रॉक्नी.

हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हे आधी सांगायला हवे. लांबट चेंडू हातात धरून पळायचे किंवा तो फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, आणि समोरच्यांनी तुम्हाला आडवे करायचे. कबड्डीची पकड आणि कुस्तीची रग एकत्र केली तर थोडीफार कल्पना येईल. आज चढाईचे गडी वेगळे असतात आणि बचावाचे वेगळे. रॉक्नीच्या काळी तेच अकरा जण दोन्ही करत, आणि एकदा बाहेर काढलेला गडी मनात येईल तेव्हा परत आणता येत नसे. अशा खेळात जवळ दुसरे अकरा भरवशाचे गडी असणे म्हणजे दारूगोळ्याचे दुसरे कोठार असण्यासारखेच.

रॉक्नीला हे सुचले, त्याचे मूळ मला त्याच्या स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांत दिसते. तो जन्माने नॉर्वेचा. व्हॉस या गावी ४ मार्च १८८८ रोजी जन्मला. वडील घोडागाड्या बनवणारे कारागीर. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात आपली गाडी मांडावी म्हणून ते अमेरिकेत गेले आणि १८९३ मध्ये पाच वर्षांच्या नूटसह सारे कुटुंब तिथे पोचले. त्याच वर्षी, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते. आपल्याकडे १८९३ चे शिकागो म्हटले की तेवढेच आठवते. पण त्या गर्दीच्या शहरात इंग्रजीचा गंध नसलेली अशी किती पोरे गल्लीबोळांत खेळत होती! त्यांतलाच हा एक.

शाळेनंतर तो शिकागोच्या टपाल खात्यात चिकटला. टपालाच्या थैल्यांची वर्गवारी करता करता सुमारे चार वर्षे गेली, गाठीला हजारेक डॉलर जमले. मनात होते इलिनॉय विद्यापीठात जायचे. पण ओळखीचे दोघे इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडला, नोटर डेमला निघाले होते. तिथे खर्च कमी आणि काम मिळण्याची आशा जास्त. १९१० साली, बाविसाव्या वर्षी, डोक्यावरचे केस विरळ होऊ लागलेला हा विद्यार्थी कॅथलिक पाद्र्यांच्या त्या विद्यापीठात दाखल झाला. स्वतः होता लूथरपंथी. फीसाठी तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करू लागला.

फुटबॉल खेळायला त्याला कुणी बोलावले नव्हते. तो आपणहून मैदानावर गेला. पहिल्या वर्षी प्रशिक्षकाने त्याला एका सरावाच्या सामन्यात घेऊन पाहिले, आणि हा काही कामाचा नाही असे ठरवून वसतिगृहाच्या संघात परत धाडले. नोटर डेममध्ये प्रत्येक वसतिगृहाचा आपापला संघ असे आणि त्यांचे आपसांत चुरशीचे सामने होत. रॉक्नी तिथे खेळत राहिला. धावण्याच्या आणि बांबूउडीच्या सरावात नाव कमावले, वेग वाढवला आणि मुख्य संघात पुन्हा शिरला. १९१३ साली तो त्या संघाचा कर्णधार होता.

त्या वर्षीची एक गोष्ट अमेरिकेत अजून सांगतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत रॉक्नी आणि त्याचा मित्र गस डोराय हे ईरी सरोवराकाठच्या सीडर पॉइंट या करमणुकीच्या ठिकाणी कामाला होते. फावल्या वेळी वाळूत दोघांचा एकच उद्योग: डोरायने चेंडू लांब फेकायचा आणि रॉक्नीने पळता पळता तो झेलायचा. चेंडू पुढे फेकायला नियमाने १९०६ पासूनच परवानगी होती, पण बडे संघ या युक्तीकडे फारसे वळले नव्हते. १ नोव्हेंबर १९१३ रोजी वेस्ट पॉइंटला लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाशी सामना झाला. नोटर डेमचे अठरा गडी होते आणि बुटांचे जोड चौदाच, असे सांगतात. बाहेर येणाऱ्याने पायातले बूट काढून आत जाणाऱ्याला द्यायचे! डोरायने चेंडू फेकले, रॉक्नी आणि इतरांनी झेलले, आणि नोटर डेमने तो सामना ३५–१३ असा जिंकला. राखीव गडी म्हणजे काय आणि तो नसला तर काय होते, हे त्या बुटांनी त्याला शिकवले असेल, असे मला वाटते.

१९१४ मध्ये तो औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला, तिथेच रसायनशास्त्र शिकवू लागला आणि फुटबॉल संघाचा साहाय्यक प्रशिक्षकही झाला. १९१८ पासून संघ त्याच्या हाती आला. पुढच्या तेरा हंगामांत १२२ सामने. त्यांत १०५ विजय, १२ पराभव, ५ बरोबरी.

१९२४ चा संघ सर्वांत गाजला. मागल्या फळीतल्या चार चपळ गड्यांना एका वार्ताहराने बायबलमधल्या चार घोडेस्वारांचे नाव दिले, मग चौघांना खरोखरच घोड्यांवर बसवून छायाचित्र काढले गेले, आणि ते देशभर झळकले. पुढे राहून त्यांची वाट मोकळी करणाऱ्या सातजणांनी थट्टेने स्वतःला खेचरे म्हणवून घेतले. पण या अकरांच्याही आधी जे अकरा मैदानात उतरत, त्यांचे एकत्र छायाचित्र कुणाच्या घरात लागलेले नाही. मी शाळेत खो-खोच्या संघात होतो. नऊ जण खेळायचे, तिघे राखीव. त्या तिघांत दोन वर्षे बसलो असल्याने माझे मन थोडे या धडक पथकाकडे झुकते, हे कबूल करतो.

पण रॉक्नी राखीव गड्यांना दयेपोटी खेळवत नव्हता. त्याचा हिशेब साधा होता. ज्याला शनिवारी खरोखर मैदानात उतरायचे आहे, तो सोमवार ते शुक्रवार जीव तोडून सराव करतो; आणि असे दुसरे अकरा समोर उभे ठाकले की पहिल्या अकरांनाही आळस परवडत नाही. हिशेब कधी चुकेही. १९२५ च्या पहिल्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल सामन्यात स्टॅनफर्डपुढे धडक पथक मागे रेटले गेले आणि घोडेस्वारांना लवकर बोलवावे लागले. सामना मात्र २७–१० असा जिंकला. १९२६ मध्ये तर त्याने कमालच केली. कार्नेगी टेकचा संघ दुबळा समजून तो सामना साहाय्यकावर आणि राखीव गड्यांवर सोपवला, आणि स्वतः शिकागोला दुसराच सामना पाहायला गेला. नोटर डेम १९–० असे हरले. राखीव फळीवर विश्वास टाकणे वेगळे आणि तिला वाऱ्यावर सोडणे वेगळे.

त्याचा सर्वांत लाडका खेळाडू जॉर्ज गिप हाही फुटबॉलसाठी आलेला नव्हता. आला होता बेसबॉलसाठी. मैदानाच्या कडेला सहज चेंडू टोलवताना रॉक्नीने त्याला हेरले. १४ डिसेंबर १९२० रोजी, पंचविसाव्या वर्षी, घशाचा संसर्ग आणि न्यूमोनियाने गिप गेला. आठ वर्षांनी लष्करी अकादमीविरुद्ध रॉक्नीने मुलांना गिपची आठवण दिली, हा प्रसंग चित्रपटामुळे जगभर माहीत झाला. १९४० च्या त्या चित्रपटात गिप झाले होते रोनाल्ड रेगन. त्या सामन्यातला विजयी चेंडू झेलणारा जॉनी ओब्रायन मात्र चित्रपटाइतका कुणाच्या लक्षात नाही. तो राखीव होता. त्या एका डावापुरता आत आला, चेंडू झेलला, आणि बाहेर जाऊन बसला. नोटर डेम १२–६ ने जिंकले.

बोलावणे नसताना, शिष्यवृत्ती नसताना संघात येणाऱ्या अशा मुलाला तिकडे वॉक-ऑन म्हणतात. रॉक्नीच्या काळी हा शब्दभेद फारसा नव्हता, कारण बरीच मुले भोजनगृहात वाढपी होऊन नाहीतर कुठे राबूनच शिकत. शिष्यवृत्त्यांची संख्या नियमाने बांधली गेली ती नंतर: १९७३ मध्ये १०५, पुढे ९५, १९९२ पासून ८५. यांच्याखेरीज तीस-चाळीस मुले स्वखर्चाने सरावात मार खायला हजर असत. नोटर डेमचाच रूडी रुटिगर १९७५ साली शेवटच्या काही क्षणांपुरता मैदानात उतरला, त्यावरही १९९३ मध्ये चित्रपट निघाला. जून २०२५ मध्ये एका मोठ्या दाव्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली. ती पाळणाऱ्या विद्यापीठांत खेळाडूंना थेट मोबदला मिळू लागला, शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा गेली, पण संघात माणसेच १०५ पेक्षा जास्त नकोत असे ठरले. आधीपासून संघात असलेल्या काहींना सवलत मिळाली. नव्याने दार ठोठावणाऱ्याला ती नाही. मोबदला मिळाला हे न्याय्यच झाले. तरी १९१० चा तो टपाल कारकून या १०५ च्या यादीत बसला असता का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९२९ मध्ये पायातल्या शिरेच्या दुखण्याने रॉक्नी अंथरुणाला खिळला, चाकांच्या खुर्चीतून सामन्याला आला, आणि तरी संघ अजिंक्य राहिला. १९३० चा हंगामही तसाच चालला होता. पण नोव्हेंबरमध्ये त्याचा मुख्य फुलबॅक जो सावोल्डी याला विद्यापीठ सोडावे लागले. त्याच्या जागी लॅरी मलिन्स आला, तोही जायबंदी झाला. शेवटचा सामना ६ डिसेंबरला लॉस एंजलिसमध्ये, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या तगड्या संघाशी. रॉक्नीने बकी ओकॉनर या दुसऱ्या फळीतल्या हाफबॅकला गुपचूप त्या जागी तयार केले. वाटेत टूसॉनला सराव झाला तेव्हा वार्ताहरांना चकवण्यासाठी ओकॉनरच्या अंगात दुसऱ्याच गड्याची जर्सी घातली! सामन्यात ओकॉनर एकदा ८० यार्ड पळत सुटला, दोनदा चेंडू सीमेपार नेला, आणि नोटर डेम २७–० ने जिंकले. तो रॉक्नीचा अखेरचा हंगामी सामना.

३१ मार्च १९३१ रोजी एका चित्रपटाच्या कामासाठी तो कॅन्सस सिटीहून विमानाने लॉस एंजलिसला निघाला. तिथे शिकणाऱ्या दोन मुलांना भेटावे म्हणून थांबला होता, पण त्यांची गाडी उशिरा आली आणि चुकामूक झाली. कॅन्ससच्या माळरानावर विमानाचा लाकडी पंख मोडला. आठही जण गेले. तो ४३ वर्षांचा होता.

नॉर्वेच्या राजाने अंत्यविधीला आपला प्रतिनिधी पाठवला. शवपेटीला खांदा दिला तो १९३० च्या संघातल्या सहाजणांनी. लॅरी मलिन्स त्यांत होता.