जनरल बूथ यांची नोंदवही

द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्याचे भाषांतर करताना एका ग्रीक शब्दापाशी लेखणी थबकते. दिवस मावळायला तासभर उरला तरी बाजारात उभ्या असलेल्या माणसांचे वर्णन करणारा तो शब्द. त्याची फोड केली तर ‘कामाविना’ असा अर्थ निघतो. पण तीताला लिहिलेल्या पत्रात हाच शब्द आळशी लोकांसाठी आला आहे. मराठीत एकच शब्द दोन्ही ठिकाणी चालत नाही. दाखल्यातील माणसे आळशी नव्हती, त्यांना कोणी मजुरीवर लावले नव्हते. हा भेद लंडनच्या रस्त्यांवर ज्यांना उमगला आणि त्यावर उपाय शोधण्यात ज्यांनी आपली उतारवयाची वर्षे वेचली, ते मुक्तिफौजेचे संस्थापक जनरल विल्यम बूथ.

विल्यम यांचा जन्म १० एप्रिल १८२९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. वडील सॅम्युएल यांना बांधकामाच्या व्यवसायात खोट आली आणि घराचे वासे फिरले. तेराव्या वर्षी मुलाची शाळा सुटली व त्याला गहाणवटीच्या दुकानात उमेदवारीस ठेवण्यात आले. पुढे लवकरच वडील निवर्तले. लेस आणि मोजे विणणाऱ्यांचे हे शहर. धंदा मंदावला की कारागिरांच्या घरातील वस्तू एकेक करून या दुकानाच्या फळीवर येत. गरिबी म्हणजे काय, हे त्या कोवळ्या मुलाने रोज पाहिले.

१८४४ मध्ये, पंधराव्या वर्षी, विल्यम यांनी आपले जीवन प्रभूला वाहिले. १८४८ मध्ये उमेदवारी संपली आणि ते बेकार झाले. जवळजवळ वर्षभर त्यांनी काम शोधले, मिळाले नाही. हातांना एकच धंदा ठाऊक होता, तोही मनाला न रुचणारा, आणि शहराला त्या धंद्यात आणखी माणूस नको होता. अखेर १८४९ मध्ये ते लंडनला गेले, तेथेही पोटासाठी पुन्हा गहाणवटीचेच दुकान नशिबी आले. पुढे त्यांनी बेकारांविषयी जे जे केले, त्याच्या मुळाशी हे वर्ष असावे असे वाटते.

१८५५ मध्ये कॅथरीन मम्फर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. काही वर्षे मेथडिस्ट पाळक म्हणून सेवा केल्यावर १८६५ मध्ये पूर्व लंडनच्या वस्तीत त्यांनी सुवार्ताकार्य आरंभले. १८७८ मध्ये त्या कार्याला मुक्तिफौज हे नाव मिळाले आणि १९ सप्टेंबर १८८२ रोजी फ्रेडरिक टकर यांच्या नेतृत्वाखाली तिची लहानशी तुकडी मुंबई बंदरात उतरली.

१८८७ च्या हिवाळ्यात एका रात्री प्रवासाहून परतताना लंडन पुलावर थंडीत कुडकुडत पडलेली माणसे बूथ यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले पुत्र ब्रॅमवेल यांना बोलावून यासंबंधी काहीतरी करण्यास बजावले. १८८८ मध्ये गोदीलगतच्या लाइमहाउस भागात स्वस्त अन्न व निवाऱ्याचे केंद्र उघडले. परंतु आज जेवलेला उद्या पुन्हा उपाशीच दारात येतो, हे लवकरच ध्यानात आले. त्याला भाकरीइतकीच कामाची गरज होती.

म्हणून जून १८९० मध्ये अपर टेम्स स्ट्रीटवर मुक्तिफौजेने रोजगार कचेरी उघडली. पद्धत अगदी साधी होती. येणाऱ्याचे नाव, पत्ता, त्याला येणारे काम आणि अपेक्षित मजुरी नोंदवहीत लिहिली जाई. मालकांनी आपली गरज कळवावी आणि दोन्ही नोंदी ताडून योग्य माणूस पाठवावा, एवढीच योजना. त्याकाळी गोदीच्या फाटकाशी पहाटे शेकडो मजूर एकमेकांना रेटत आणि मुकादम हवी तेवढी माणसे निवडून बाकीच्यांना परत पाठवी. तेथे माणसाच्या कसबाला मोल नव्हते. कचेरीत मात्र त्याला काय येते, हे प्रथमच आदराने विचारले जात होते.

नोंदवहीने एक कटू सत्यही उघड केले. पहिल्या साडेतीन महिन्यांत अडीच हजारांहून अधिक लोक काम मागण्यास आले. मालकांच्या मागण्या दोनशेही भरल्या नाहीत. केवळ गाठ घालून देण्याने हे अंतर मिटणार नव्हते. अनेकांना येणारे काम बाजाराला नको होते. कित्येकांना कोणतेच काम धड येत नव्हते.

याचे उत्तर बूथ यांनी ऑक्टोबर १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले. कर्करोगाने खंगत चाललेल्या कॅथरीनबाईंच्या आजारपणातच तो सिद्ध झाला. त्याच महिन्याच्या ४ तारखेला त्या प्रभूघरी गेल्या. योजनेच्या तीन पायऱ्या होत्या : शहरात कामाची सवय लावणाऱ्या कर्मशाळा, गावाकडे शेती शिकवणारी वसाहत आणि त्यानंतर जेथे शेतकऱ्यांची वाण आहे अशा सागरापलीकडील देशांत स्थलांतर. आरंभासाठी मागितलेले एक लाख पौंड काही महिन्यांतच जमले. १८९१ मध्ये एसेक्समधील हॅडली येथे जमीन घेण्यात आली. ज्यांनी कधी कुदळ धरली नव्हती अशी शहरी माणसे तेथे भाजीपाला पिकवण्यास, जनावरे राखण्यास आणि विटा पाडण्यास शिकली.

टीका पुष्कळ झाली. शास्त्रज्ञ हक्स्ली यांनी वृत्तपत्रातून पत्रे लिहून योजनेवर कोरडे ओढले. निधीच्या हिशेबाविषयी कुजबूज झाली, तेव्हा बूथ यांनी तो चौकशी समितीपुढे ठेवला. १८९२ मध्ये समितीने व्यवहार स्वच्छ ठरवला. हॅनबरी स्ट्रीटवरील कर्मशाळेत मात्र सुतारकाम अल्प मोबदल्यात करून घेतले जाते व त्यामुळे बाहेरच्या सुतारांची मजुरी घसरते, अशी कामगार संघटनांची तक्रार पुढे अनेक वर्षे चालू राहिली. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. एका बेकाराला हात देताना दुसऱ्या कष्टकऱ्याच्या ताटातील घास कमी होऊ नये, हा धडा आजच्या सेवाभावी संस्थांनीही गिरवावा असा आहे.

१९०९ मध्ये ब्रिटिश संसदेने रोजगार कचेऱ्यांचा कायदा केला आणि फेब्रुवारी १९१० मध्ये सरकारी कचेऱ्या सुरू झाल्या. त्यामागे अनेकांचे प्रयत्न होते, पण बूथ यांची नोंदवही त्याच वाटेवर वीस वर्षे पुढे होती. भारतात अशा कचेऱ्या १९४५ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी सुरू झाल्या. बूथ यांची दृष्टी अखेरीस गेली आणि २० ऑगस्ट १९१२ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळ्यांतही पदवी हाती घेऊन घरी बसलेले तरुण आहेत आणि त्याच बाकांवर कुशल गवंडी, परिचारिका किंवा हिशेबनीस शोधणारे बंधुभगिनीही बसतात. उपासना आटोपते, परस्परांची ओळख न होता सारे घरी जातात. आपण त्यांना आळशी म्हणतो की कामाविना उभे असलेले समजतो, यावर आपली कृती अवलंबून आहे. दाखल्यातील धनी एका दिवसात पाच वेळा बाजारात गेला आणि शेवटच्या तासालाही रिकाम्या हातांची विचारपूस करण्यास त्याने कंटाळा केला नाही. आपल्या मंडळीत अशी एखादी नोंदवही येत्या रविवारी उघडता येईल काय?