खंड्याची पालखी

कुत्रं पाळायचा विषय निघाला की घरात हमखास दोन पक्ष पडतात. मुलं एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला. बाबा बहुतेक वेळा मुलांच्या पक्षात, कारण रोजची उस्तवार आपल्या वाट्याला येणार नाही याची त्यांना खात्री असते! पूर्वी आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुत्रं म्हणजे अंगणातलं गावठी कुत्रं. उरलंसुरलं खायचं, रात्री भुंकायचं, झालं. आता मात्र चांगल्या कॉलन्यांमधून सोनेरी केसांचे, गोबऱ्या तोंडाचे गोल्डन रिट्रिव्हर दिसायला लागलेत. बचत गटाच्या कामानिमित्त माझं घरोघरी जाणं होतं. तिथे हमखास एखादी वहिनी विचारते की ताई, मुलं मागे लागली आहेत, आणू का एखादं पिल्लू?

अशा वेळी मला एका राजाची गोष्ट आठवते. त्याने आपल्या कुत्र्याला पालखीचा मान दिला होता, आणि नुसती पालखीच नाही तर जहागीरसुद्धा!

हा राजा म्हणजे छत्रपती शाहू महाराज. कोल्हापूरचे राजर्षी शाहू नव्हेत बरं का, ते पुष्कळ नंतरचे. हे साताऱ्याचे थोरले शाहू. शिवाजी महाराजांचे नातू, संभाजीराजे आणि येसूबाईंचे पुत्र. त्यांचा जन्म १८ मे १६८२ रोजी माणगावजवळच्या गांगवलीचा. राजपुत्राचा जन्म म्हणजे केवढं कौतुक झालं असेल! पण ते सुख फार टिकलं नाही. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजीराजांची क्रूरपणे हत्या केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला. सात वर्षांचे शाहू आई येसूबाईंसोबत मोगलांच्या कैदेत गेले.

सात वर्षांचं मूल म्हणजे आपल्याकडे दुसरीत जाणारं मूल. त्या वयात वडील गेलेले, घर गेलेलं आणि भोवती सगळी शत्रूची माणसं. औरंगजेबाची छावणी दख्खनभर फिरत राहिली आणि तिच्याबरोबर ही मायलेकरंही. बादशहाने शाहूंना सात हजारी मनसब दिली, राजा ही पदवी दिली, पण सोडलं मात्र नाही. या काळात बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने त्यांना माया लावली, अशी नोंद इतिहासात आहे. शत्रूच्या लेकीने शत्रूच्या लेकराला जपलं. बाईचं मन कुठल्या तंबूत काय करील, सांगता येत नाही.

मार्च १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि त्याच वर्षी मे महिन्यात शाहूंची सुटका झाली. तेव्हा त्यांचं वय पंचवीस. अठरा वर्षं कैदेत काढलेली. पण येसूबाईंना मोगलांनी ओलीस म्हणून मागे ठेवून घेतलं. आई मागे, मुलगा पुढे! पुढे घरातही स्वागत नव्हतंच. काकू महाराणी ताराबाईंनी त्यांचा हक्क मानला नाही. खेडला लढाई झाली, सातारा हाती आला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंचा राज्याभिषेक झाला. १७१३ मध्ये त्यांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं. त्याच बाळाजींच्या दिल्ली मोहिमेनंतर १७१९ मध्ये येसूबाई परत आल्या. म्हणजे त्या माउलीने तीस वर्षं कैदेत काढली. मुलगा राजा झाल्यालाही तोवर अकरा वर्षं होऊन गेली होती.

शाहू महाराज स्वतः फारसे लढाईवर गेले नाहीत. पण माणसं पारखून त्यांना मोकळा हात देण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. विशीतल्या बाजीरावांना १७२० मध्ये पेशवेपद दिलं ते त्यांनीच. त्यांच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत मराठी राज्य माळवा, गुजरात, बुंदेलखंडापर्यंत पसरलं. आपल्या भागाशीही त्यांचा संबंध येतो. रघुजी भोसले हा तरुण शिकारीतल्या धाडसामुळे महाराजांच्या मर्जीत आला आणि पुढे वऱ्हाड-गोंडवन त्याच्याकडे सोपवलं गेलं. याच रघुजींनी नंतर चांद्याचं गोंड राज्य आपल्या ताब्यात घेतलं.

महाराजांना शिकारीचा, बागांचा, पशुपक्ष्यांचा भारी नाद. चांगल्या जातीची कुत्री, उमदे घोडे, शिकारी पक्षी यांचं त्यांना मनापासून कौतुक. खंड्या हा त्यांचा सर्वांत लाडका कुत्रा. एकदा शिकारीच्या वेळी वाघापासून या खंड्याने महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी हे उपकार नुसत्या कौतुकावर भागवले नाहीत. रीतसर सनदा करून खंड्याच्या नावाने जहागीर लावून दिली आणि पालखीचा मान दिला. ही पालखी, तिचा लवाजमा पुढे चालूही ठेवला गेला. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात हे सगळं आलं आहे.

आणखी एक प्रसंग त्यांच्याबद्दल सांगतात. महाराजांनी एकदा दरबारात खंड्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घातले, स्वतःची पगडीसुद्धा त्याच्याच डोक्यावर ठेवली आणि त्यानंतर स्वतः पगडी घातली नाही. ग्रँट डफसाहेबाला हे म्हाताऱ्या राजाचं वेड वाटलं. आपल्याकडे मात्र सांगतात की एक सरदार दागिन्यांनी मढून, मोठ्या तोऱ्यात भेटीला आला होता, त्याचा नक्षा उतरवण्यासाठी महाराजांनी असं केलं. काहीही असो, ज्याने लहानपणी परक्याच्या तंबूत परक्याच्या हातचं खाल्लं, त्याला दागिन्यांपेक्षा इमानाची किंमत जास्त कळली असणार, असं मला आपलं वाटतं.

कुत्रं आपल्या चंद्रपूरच्या गोष्टीतही आहेच की! शिकारीला गेलेल्या खांडक्या बल्लाळशहाला एक ससा चक्क कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. राजाने घरी येऊन राणीला सांगितलं आणि राणीच्या सल्ल्यावरून त्या जागी शहर वसलं, परकोट उभा राहिला, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्रं राजाचं, पण विचार करून निर्णय सांगणारी बाईच होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मला खंड्याच्या गोष्टीतली पालखी महत्त्वाची वाटत नाही, जहागीर वाटते. जहागीर म्हणजे काय? दरवर्षी येणारं उत्पन्न. पालखी म्हटली की भोई आले, भोयांचा पगार आला. कुत्र्याचा सांभाळ राजाच्या त्या दिवसाच्या मर्जीवर न ठेवता त्याची कायमची सोय लावून दिली. मैत्रिणींनो, पिल्लू आणण्याआधी आपणही नेमका हाच हिशेब मांडायला हवा.

चला, मांडूच. पिल्लाची किंमत एकदाच द्यायची असते, त्यामुळे ती सोडून देऊ. पूर्ण वाढलेला गोल्डन रिट्रिव्हर पंचवीस ते पस्तीस किलोचा होतो. त्याला दिवसाला साधारण साडेतीनशे ग्रॅम कोरडं खाद्य लागतं, म्हणजे महिन्याला दहा-अकरा किलो. तीनशे रुपये किलोचं साधं खाद्य धरलं तरी महिन्याचे तीन हजारांवर गेले. वर्षाचे झाले छत्तीस-चाळीस हजार. हे कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, तेव्हा नुसत्या खाण्याचाच आकडा चार लाखांच्या पुढे जातो. घरी शिजवून घातलं तर पैसे थोडे वाचतील, पण मग गॅस आणि वेळ कुणाचा? तुमचाच!

त्यावर डॉक्टर. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की डिस्टेंपर, पार्व्होच्या लसी सुरू होतात, त्यांचे पुढचे डोस असतात. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, आणि ती पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे नियमित. जंताचं औषध वेगळं. आपल्याकडे पावसाळ्यात गोचिडांचा सुळसुळाट होतो. त्यातून येणारा ताप वेळेवर ओळखला नाही तर कुत्रं हातचं जातं. या जातीत खुब्याच्या सांध्याचं दुखणं आणि कॅन्सर यांचं प्रमाणही बरंच आढळतं. अशा वेळी मोठ्या तपासणीसाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं. चंद्रपूरहून ते दीडशे किलोमीटर. भामरागड, एटापल्लीकडच्या बाईने तर विचारच करायला नको.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपला उन्हाळा. ही जात मुळात स्कॉटलंडच्या थंड डोंगराळ भागातली. लॉर्ड ट्वीडमाउथ या उमरावाने १८६८ मध्ये पिवळ्या रंगाचा एक रिट्रिव्हर आणि पाण्यात उतरणारी एक स्पॅनियल यांच्यापासून तिची सुरुवात केली. मारलेलं बदक थंडगार पाण्यातून उचलून आणायचं, हे तिचं काम. म्हणून तर अंगावर दुहेरी केस. अशा कुत्र्याने चंद्रपूरच्या सत्तेचाळीस अंशांत काय करायचं? फिरायला न्यायचं ते सूर्य उगवायच्या आधी आणि रात्री फरशी, डांबर थंड झाल्यावर. दुपारभर कूलरची खोली आणि गार पाणी. केस भादरून टाकले की बरं वाटेल असं पुष्कळांना वाटतं, पण तसं करू नये, तेच केस त्याला उन्हापासूनही वाचवतात. त्याऐवजी रोज विंचरायचं. जोरजोरात धापा टाकतंय, लाळ गळतेय, पाय लटपटताहेत असं दिसलं की ऊन लागलं समजावं. लगेच सावलीत घ्यायचं, अंगावर साधं पाणी ओतायचं, पंखा लावायचा आणि डॉक्टरकडे पळायचं.

आपण जंगलाशेजारी राहतो हेही विसरून चालत नाही. दुर्गापूर, ऊर्जानगरकडच्या वस्त्यांना बिबट्या नवा नाही. रात्री अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला दिलेलं आमंत्रणच. त्याच्यामागे बिबट्या दारापर्यंत येतो, आणि दारात आपली लेकरं असतात. आणखी एक. कुत्र्याचा डिस्टेंपर जंगली प्राण्यांनाही होतो. गुजरातेत गीरच्या जंगलात २०१८ मध्ये सिंह मेले, तेव्हा त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला होता. आपल्या शेजारी ताडोबा आहे. तेव्हा कुत्र्याची लस ही नुसती आपल्या घरची बाब राहत नाही, आणि अंगणातल्या गावठी कुत्र्यालाही ती तितकीच हवी.

हे सगळं करणार कोण, हा खरा प्रश्न. मुलगा बारावीनंतर पुण्याला जातो, मुलीचं लग्न होतं, आणि कुत्रं राहतं आईजवळ. ज्या घरात ते झेपत नाही तिथे एक दिवस कुणी तरी त्याला गाडीत घालून दूर सोडून येतं. माणसाच्या मायेवर वाढलेल्या त्या जनावराला उकिरड्यावर खाता येत नाही, गावठी कुत्र्यांशी भांडता येत नाही. आमच्या वस्तीजवळही असं एक गोल्डन रिट्रिव्हर सापडलं होतं. केसांच्या जटा झालेल्या, कान गोचिडांनी भरलेले. चार बायकांनी मिळून त्याला वाचवलं आणि एका शेतकरी कुटुंबाने ठेवून घेतलं. पण सगळ्यांचंच नशीब असं नसतं.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज साताऱ्यात वारले. त्यांना वारसपुत्र नव्हता. धाकट्या राणी सगुणाबाई आधीच्याच वर्षी गेल्या होत्या. थोरल्या सकवारबाई राजकारणात नको होत्या. त्यांच्यावर सती जाण्यासाठी दबाव आला असं इतिहासकार लिहितात, आणि त्या सती गेल्या. मला हे वाचताना गलबलून येतं. ज्या दरबारात कुत्र्याच्या सांभाळाची रीतसर सनद झाली, त्याच दरबारात नवऱ्यामागे राणीने जगावं याची काही तजवीज नव्हती. महाराजांच्या मायेबद्दल शंका नाही, पण माया मालकाबरोबर संपते, मागे उरते ती लिहून ठेवलेली सोय.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर शाहू महाराजांची समाधी आहे आणि तिथेच खंड्याचंही दगडी स्मारक आहे. कधी गेलात तर मुलांना आवर्जून दाखवा. आणि पिल्लाचा हट्ट घरात सुरू झालाच, तर नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. एक वही घ्या. खाणं, लस, डॉक्टर, उन्हाळा हे एका पानावर लिहा. दुसऱ्या पानावर सकाळी कोण फिरवणार, केस कोण विंचरणार, गावाला गेल्यावर कोण सांभाळणार, हे नावानिशी लिहून घ्या, बाबांच्या नावासकट! सगळ्या ओळींपुढे तुमचंच नाव येत असेल, तर पिल्लू आणण्याची घाई नको.